नुव्हेल फ्रान्सचा चढ

रस्त्यावर मोटरसायकल वाजली की आमचे हे अजून जेवता जेवता थांबतात. घास हातातच. मी म्हणते, "अहो, पाववाला आहे तो, जेवा." तरी मान कलती करून ऐकत राहतात. आवाज चढ चढून पुढे गेला की मग कुठं घास तोंडात जातो. दोन वर्षं झाली, हेच चाललंय. आमटी निवते, मी चिडते, आणि चिडून काही उपयोग नाही हेही मला ठाऊक असतं.

ह्यांचं नाव देवराज. मी नवऱ्याचं नाव घेत नाही, तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेतलं, झालं. इथं मॉरिशसच्या ग्रां बुआ गावात त्यांना नावानं कुणी हाक मारतही नाही. सगळे "मिस्ये मुस्तीक" म्हणतात, म्हणजे डासवाले साहेब. मलेरिया खात्यात नोकरी ना! गावोगाव हिंडायचं, लोकांच्या पाण्याच्या पिंपांत डोकवायचं, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. ह्यांच्या आज्यानं रत्नागिरीकडून येऊन ऊस तोडला, बापानं ऊस तोडला, आणि घराण्यातला हा पहिला गडी सरकारी पगारावर लागला. सासूबाई साऱ्या गावाला सांगत फिरायच्या. लग्न होऊन आल्यावर मला मात्र कळलं की साहेबांचं अर्धं आयुष्य रस्त्याकडेला उकिडवं बसून जातं.

त्याला कारण ह्यांची मोटरसायकल. लढाई संपल्यावर गोऱ्यांच्या पलटणीनं टाकून दिलेली, हिरवट रंगाची, आणि अशी हट्टी की मी तिला सवत म्हणायची. माझ्यासाठी कधी गजरा आणला नाही ह्यांनी, पण तिच्यासाठी पोर्ट लुईच्या भंगारवाल्यांकडे दिवस दिवस घालवायचे. आता तुम्ही म्हणाल, मॉरिशस ते केवढंसं बेट, त्यात लांबचा प्रवास तो कसला! या एकदा. तसल्या गाडीवर बसून सूयाकच्या किनाऱ्यावरून निघा आणि उत्तरेला त्रियोलेपर्यंत जाऊन दाखवा. किनाऱ्यावर अंगाची लाही, चहाच्या मळ्यांत धुकं, नुव्हेल फ्रान्सच्या चढावर पाऊस, क्युरपीपला थंडीनं दात वाजणार, आणि पोर्ट लुईला उतरलात की पुन्हा घामाच्या धारा. एवढ्यात माणूस बिघडतो, लोखंडाचं काय घेऊन बसलात!

चोपन्न सालची गोष्ट. हे क्युरपीपच्या कचेरीतून परत येताना त्याच नुव्हेल फ्रान्सच्या चढाजवळ गाडी बंद पडली. पाऊस मी म्हणत होता. मोटारी गेल्या, लॉऱ्या गेल्या, मोटरसायकलवालेही गेले, कुणी मान वळवून बघेना. हे झाडाखाली भिजत उभे. शेवटी एक जण थांबला. उंच, काळा, हडकुळा, खांद्यावर टेलिफोनच्या तारेचं वेटोळं. सूयाकचा गाएतां. पोस्टाच्या तारांचे खांब दुरुस्त करायचा, म्हणून त्यालाही गाडी. काही विचारलं नाही, सांगितलं नाही, चिखलात गुडघे टेकून बसला आणि प्लग काढून पुसायला लागला. पुसला, बसवला, लाथा मारून मारून दोघांचे पाय दुखले, गाडी काही हूं म्हणेना. मग ह्या बहाद्दरानं काय करावं? खांद्यावरची सरकारी तार सोडली, एक टोक आपल्या गाडीला बांधलं, दुसरं ह्यांच्या, आणि ओढत ओढत थेट ग्रां बुआपर्यंत आणलं.

मी दारात आले तर दोन चिखलाचे पुतळे. त्यातला लांबडा मला म्हणाला, "मादाम, तुमचा नवरा आणलाय. थोडा भिजलाय, बाकी सगळा शाबूत आहे." त्याची भाषा क्रेओल, आमच्या घरात मराठी, पण क्रेओल इथं कुणाला येत नाही? मी त्याला हसले नाही. आधी टॉवेल दिला, मग चहा, आणि मग ओसरीवर चिखल करून ठेवला म्हणून दोघांनाही झापलं. तो एवढा खूश झाला की पुढच्या रविवारी पुन्हा आला.

त्या ओसरीवरच दोघांनी मिळून कायदे केले. हो, कायदेच! पार्लमेंट भरवलं होतं जणू. गाडी बंद पडली की हँडलला उसाचा शेंडा बांधायचा. ज्याला तो दिसेल त्यानं थांबायचंच, मग बाप मरणाच्या दारी असो. गाडी सुरू होईपर्यंत माणसाला एकटं सोडायचं नाही. आणि सुरू झाली तरी लगेच आपली वाट धरायची नाही. त्याच्या मागोमाग पुढच्या गावच्या बुतिकापर्यंत, म्हणजे दुकानापर्यंत, सोबत जायचं आणि तिथं बसून त्याच्याबरोबर चहा घ्यायचा. चहा कुणी पाजायचा? थांबलेल्यानं. मी म्हटलं, "उलटंच की! ज्याची गाडी नीट झाली त्यानं पाजावा." तर गाएतां म्हणाला, "नाही वैनी, त्याचा दिवस आधीच वाईट गेलेला असतो." मला वैनी म्हणायला ह्यांनीच शिकवलं होतं त्याला.

मला वाटलं, दोन वेड्यांचा खेळ आहे, चार दिवसांत विसरतील. कसले विसरतात! ह्यांनी ज्याला मदत केली तो कायदा शिकून गेला, त्यानं पुढच्याला शिकवला. दोन-तीन वर्षांत सबंध दक्षिणेत उसाचा शेंडा दिसला की मोटरसायकलवाला थांबायला लागला. शाळामास्तर थांबायचे, साखर कारखान्यातले फिटर थांबायचे, एकदा तर एक पाद्री झगा वर खोचून ह्यांची साखळी बसवत होता. ह्या भानगडीपायी मी किती वेळा जेवण पुन्हा गरम केलं, त्याचा हिशेब चूलच देईल.

आणि दर रविवारी गाएतां. त्याच्या गाडीला खोकला होता. दोनदा खोकायची, मग धडधडायची. तो खोकला उताराखालून ऐकू आला की हे हातातलं काम टाकून उठायचे आणि मी एक मूठ तांदूळ जास्त टाकायची. सूयाकहून येताना तो मासळी आणायचा, केळीच्या पानात बांधलेली, आणि स्वतः साफ करून द्यायचा. चवथीला गणपती नदीवर न्यायला खांदा द्यायचा, आणि जाखडीत नाचायला लागला की आमचे म्हातारे काठी टाकून हसायचे. त्याचं पाऊल चुकायचं, पण थांबायचा नाही. लग्न केलं नव्हतं. मी दहा वेळा विचारलं असेल, "अरे, कर की आता." तो म्हणायचा, "देवराजनं केलंय ना, तेवढं पुरे दोघांना." असा टोणगा!

दोघं बोलायचे काय, म्हणाल तर काही नाही. हे मला खरंच सांगायचंय, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. ओसरीवर तासन् तास बसायचे आणि बोलणं काय, तर प्लग, टायर, तेल. गाएतांचा बाप समुद्रात बुडून गेला तेव्हा हे त्याच्याकडे आठ दिवस राहून आले. मी विचारलं, "काय बोललात त्याच्याशी?" तर म्हणाले, "त्याच्या गाडीचं इंजिन खोललं आम्ही." साठ सालच्या मोठ्या वादळात आमचं छप्पर उडालं, रस्त्यांवर झाडं आडवी पडली. तिसऱ्या दिवशी गाएतां आला. पडलेल्या झाडांवरून गाडी उचलून उचलून आणली होती, हात सोलून निघाले होते. मला बघून रडू आलं. हे दोघं मात्र एकमेकांकडे बघून फक्त मान हलवतात. "आहेस?" "आहे." झालं! जीव ओवाळून टाकतील, पण तोंडानं एक शब्द काढतील तर शपथ.

मग दिवस बदलले. स्वातंत्र्य येणार, येणार म्हणून गावोगाव सभा व्हायला लागल्या. राज्य आमच्या हिंदू लोकांच्या हाती येणार म्हणून आम्हाला आनंद, गाएतांच्या क्रेओल लोकांना धास्ती. आता आपलं काय होणार, असं त्यांच्या घराघरात चाललेलं. मध्येच कुठं कुठं मारामाऱ्याही झाल्या. सूयाकमधली किती तरी घरं ऑस्ट्रेलियाला निघाली. गाएतांचा थोरला भाऊ आधीच मेलबर्नला गेला होता. त्यानं ह्याचे कागद करून पाठवले, तिकीटही. सदुसष्ट साली गाएतांनं ते ओसरीवर बसून सांगितलं. हे म्हणाले, "तिकडे रस्ते सरळ असतात म्हणे." तो म्हणाला, "हो, सरळ असतात म्हणे." आणि मग दोघं टायरवर बोलायला लागले. मी आत चुलीपुढं बसून कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्याच आठवड्यात गाएतांची आई बसनं आमच्याकडे आली. तिला सगळे तांतीन म्हणतात, म्हणजे मावशी. म्हातारी जाणार नव्हती. "माझा नवरा ह्या समुद्रात आहे, मी कुठं जाऊ?" म्हणाली. ह्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "त्याला जायचं नाहीये रे. भाऊ बोलावतोय, शेजारी भीती घालतायत, म्हणून चाललाय. माझं ऐकत नाही, म्हातारी घाबरते म्हणतो. तू सांग. तू एकदा 'जाऊ नको' म्हणालास ना, की राहील तो." ह्यांनी मान डोलावली. म्हणाले, "सांगतो तांतीन. नक्की सांगतो."

सांगितलं का? नाव नको! एक रविवार गेला, दुसरा गेला. मी रोज मागे लागायची, "अहो, सांगितलंत?" तर म्हणे, आज पाऊस होता, आज त्याचं डोकं दुखत होतं. एकदा माझा ताबा सुटला. म्हटलं, "तोंडात मूग धरलेत का? रक्त काढताना लोकांना चार गोष्टी सांगता, ह्याला दोन शब्द सांगायला काय होतं?" तेव्हा म्हणाले, "सत्यवती, उद्या इथं काही झालं तर? मी थांबवलं म्हणून तो थांबला आणि त्याच्या दारात कुणी काठ्या घेऊन आलं, आणि ते माझ्या जातीचे असले, तर मी त्याला कुठल्या तोंडानं बघू?" खरं होतं ते. पण सगळं खरं नव्हतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. बायकोला कळतंच.

शेवटच्या रविवारी गाएतां बसनं आला. गाडी विकून टाकली होती. उताराखालून खोकला आला नाही, नुसता दारात येऊन उभा राहिला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं की हा जाणार. मी त्याच्या आवडीची सगळी खटपट केली होती, पुरणपोळीसुद्धा. तो जेवला, हे जेवले. निरोप घेताना त्यानं माझ्या पायाला हात लावला. आम्ही शिकवलं नव्हतं कधी. हे त्याला बसपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर मी नुसतं बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

बोट पुढच्या रविवारी दुपारी सुटायची होती. शनिवारभर हे गाडीच पुसत होते. रविवारी उजाडताच उठले, अंघोळ केली, देवापुढं उभे राहिले आणि मला म्हणाले, "आवर. आज सांगणार मी त्याला. बंदरावर सगळ्यांसमोर सांगणार. बोटीच्या शिडीवरून खाली ओढून आणणार." इतक्या वर्षांत त्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी चांगलं लुगडं नेसले, डोक्याला रुमाल बांधला आणि सवतीच्या पाठीवर चढून बसले. पहिल्यांदाच मी त्या गाडीला मनातल्या मनात हात जोडले, की बाई, आज तेवढे नखरे करू नको.

आणि तिनं नाही हो केले! शहाण्या मुलीसारखी चालली. ला फ्लोरा गेलं, नुव्हेल फ्रान्स मागे टाकलं, वेळ भरपूर हाताशी होता. मी मागून ह्यांच्या कानात सांगत होते, "असं म्हणा, तुझी आई एकटी पडेल. असं म्हणा, आम्ही आहोत ना." ते मान डोलवत होते. चढाला लागलो. आणि वळणावर एक मोटरसायकल उभी. हँडलला उसाचा शेंडा.

"नाही," मी म्हटलं. "अहो, नाही! आज नाही!" गाडीचा वेग कमी झाला. मी पाठीवर बुक्क्या मारल्या, खरंच मारल्या. "दुसरा कुणी थांबेल! ऐका माझं!" हे थांबले. उतरले. म्हणाले, "असा टाकून कसा जाऊ?"

तो माणूस त्रियोलेचा होता, हरिलाल नावाचा, गोल पोटाचा, गालात पान. बरं, त्याला काही अडचण होती म्हणाल, कुणी आजारी, कुणी वारलेलं? छे! सूयाकला मेव्हण्याकडे मासे खायला चालला होता! आयो, माझ्या अंगाची नुसती आग झाली. आणि सूयाक म्हणजे आमच्या उलट्या दिशेला. तो भोजपुरी मिसळलेल्या हिंदीत ह्यांना "भइया, भइया" करत होता. मी रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभी राहिले आणि दोघांकडे पाठ केली.

ह्यांनी प्लग काढला, काजळी पुसली, बसवला. पहिल्याच लाथेला गाडी सुरू झाली. मी म्हटलं, सुटलो! पण हे उठेनात. म्हणाले, चेन सैल दिसतेय. हरिलाल म्हणाला, "चलेगी भइया, रोज ऐसेही चलती है." हे ऐकेनात. चाकाचे नट सोडले, चेन ताणली, जास्त ताणली म्हणून पुन्हा सैल केली, पुन्हा ताणली. मग कार्बुरेटरमध्ये कचरा असेल म्हणाले. तो खोलला. एकेक तुकडा रुमालावर मांडून ठेवत होते, देवाची उपकरणी मांडावीत तसा. मी ओरडले, "अहो, बोट!" तर खाली मान घालून म्हणाले, "झालंच." हरिलाललाही कळेना काय चाललंय. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? बांधा आणखी शेंडे!"

एवढ्यानं संपलं का? कायदा होता ना! त्याच्या मागोमाग परत खाली नुव्हेल फ्रान्सला. बुतिकाच्या बाकावर बसून चहा. हरिलाल हात जोडून म्हणत होता, "आपको देर हो रही है, जाइए." हे म्हणाले, "चहा झाल्याशिवाय नाही." बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायले. माझा कप मी तसाच ठेवला. तो माणूस सूयाककडे निघून गेला, आणि मग आम्ही पुन्हा तोच चढ चढलो. ह्यांच्या कानात सांगणं मी सोडून दिलं होतं. बोलले असते तर रडले असते.

पोर्ट लुईच्या बंदरावर पोचलो तेव्हा धक्क्यावर माणसं परतायला लागली होती. बोट दूर पाण्यात उभी असते, लाँचनं माणसं तिच्यापर्यंत नेतात. लाँच रिकामी परत आलेली होती आणि बोटीच्या नळकांड्यातून धूर निघाला होता. हळूहळू तिचं तोंड वळत होतं. रेलिंगजवळ माणसांची रांग दिसत होती, कुणी रुमाल हलवत होतं, पण चेहरा एकही ओळखू येत नव्हता. हे गर्दीतून धावत गेले ते पार पाण्याच्या काठापर्यंत. मी मागे लुगडं सावरत.

तिथं तांतीन एका खोक्यावर बसली होती. सूयाकची माणसं भाड्याची बस करून आली होती, ती तिच्याभोवती उभी होती. तिनं ह्यांना बघितलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कुठं होतास रे?"

ह्यांनी सांगितलं. वाटेत एकाची गाडी बंद पडली होती.

म्हातारी मान हलवत राहिली. "म्हणालाच होता तो," ती म्हणाली. "दोन लाँच सोडल्या त्यानं. मी म्हटलं, जा आता, देवराज येत नाही. तर म्हणाला, येईल, वाटेत कुणासाठी तरी थांबला असेल. आपली ट्रंक लाँचवर चढवू देईना. तिच्यावर बसून राहिला. म्हणाला, आई, देवराज आला आणि एकदा 'पा आले' म्हणाला, की ही ट्रंक उचलायची आणि सूयाकच्या बसमध्ये टाकायची." पा आले, म्हणजे जाऊ नको. "शेवटी लाँचवाला शिट्टी मारायला लागला," ती म्हणाली, "तेव्हा त्यानंच ट्रंक उचलली."

आमचे हे बोटीकडे तोंड करून उभे राहिले. ती बंदराच्या तोंडाशी पोचली होती. आणि मग हा माणूस, ज्यानं घरात कधी आवाज चढवला नाही, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "पा आले! गाएतां! पा आले!" माणसं थबकली. कस्टमचा शिपाई बघायला लागला. हे ओरडतच राहिले, आवाज फाटेपर्यंत, आणि मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला, कारण मला भीती वाटली की हे पाण्यात पाऊल टाकतील. बोट बंदराबाहेर गेली. तांतीन उठली, ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या माणसांबरोबर बसकडे गेली.

आम्ही परत निघालो. क्युरपीपला थंडी होती. मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकवून बसले होते. सकाळपासूनचा राग कुठं गेला होता कोण जाणे. रविवार आता कसे जायचे, तांदूळ किती टाकायचे, असलंच काहीतरी डोक्यात येत होतं. पुढे उतार लागला आणि वळणावर, सकाळी जिथं थांबलो होतो तिथंच, ह्यांनी गाडी बंद केली. मला वाटलं बिघडली. म्हटलं, "काय झालं?"

ते उतरले नाहीत. हँडल धरून बसून राहिले. समोर चहाचे मळे होते, त्यांच्यावर धुकं उतरत होतं.

मी म्हटलं, "अहो, मनाला लावून घेऊ नका. तुमचा कायदाच होता तसा. त्यालाही ठाऊक होतं. तुम्ही त्या माणसाला टाकून गेला असता तर गाएतांलाच आवडलं नसतं." मी, जिनं सकाळी पाठीवर बुक्क्या मारल्या होत्या, ती असं बोलत होते.

"कायदा," ते म्हणाले. वाऱ्यानं माझा पदर सारखा उडत होता. शेवटी मागे न बघता म्हणाले, "त्याची गाडी पहिल्या लाथेलाच सुरू झाली होती, सत्यवती. तू बघितलंस ना? तेव्हाच निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो."

"मग का नाही निघालात?"

"मला भीती वाटली," ते म्हणाले. "मी सगळ्यांसमोर म्हणालो असतो, जाऊ नको, आणि तो हसून म्हणाला असता, नाही रे, मला जायचंय... तर? तो शेंडा दिसला ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते हमसून हमसून रडत होते.

"त्याला जायचं नव्हतं गं," ते म्हणाले. "तो तिथं ट्रंकेवर बसून माझी वाट बघत होता. आणि मी इथं चेन ताणत बसलो होतो."